बॅलन्सचं बटण

जळगाव,
१८ नोव्हेंबर १९९१

प्रिय इसाक,

दिवाळीचं पत्र आधी मी टाकायचं आणि तू सवडीने उत्तर द्यायचं, हा आपला दोंडाईच्याच्या शाळेपासूनचा शिरस्ता. यंदा दिवाळी होऊन गेली तरी माझं पत्र नाही म्हणून तू मनात चार शिव्या हासडल्या असशील. हासड. लिहिण्यासारखं काही नव्हतं. पणत्या लावल्या, विझल्या.

आता कामाचं लिहितो. मला एक ॲम्प्लिफायर हवा आहे. जुना. आजकालचे प्लॅस्टिकचे दिवे लुकलुकणारे नकोत. लाकडी पेटीचा, जड, वीसेक वर्षांपूर्वीचा, आणि सगळं एकाच डब्यात असलेला. दोन डबे, चार वायरी हा पसारा मला झेपणार नाही.

"पहिला कुठे गेला?" असं विचारशील. पहिला जागच्या जागी आहे आणि तिथेच गोम आहे. अभिमन गेल्यावर तुझ्या वहिनीने पुढच्या खोलीला घातलेलं कुलूप तू वर्षश्राद्धाला पाहिलंस. ते अजून तसंच आहे. सेटवर तिने आपलं लग्नातलं लुगडं पांघरलंय आणि किल्ली कमरेला. वर्षभर घरात गाणं वाजवायचं नाही ही रीत आम्ही पाळली. वर्ष सरलं, पण तिचं सरलं नाही. मी एकदाच किल्ली मागितली. म्हणाली, "त्याना हात लागेल शे त्याले. कोनी हात लावानं नही." पोराचा हात लागलेला आहे, आता दुसऱ्या कोणाचा नको. पोरगा एरंडोलच्या पुढे ट्रकखाली गेला, त्याच दिवशी सकाळी तो सेट पुसून गेला होता.

आमच्या घरात आता काय ऐकू येतं सांगू? पंखा. दुपारी नळ. तुझी झुंबरवहिनी दिवसाकाठी चार शब्द बोलते, त्यातले दोन मांजराला. मला भीती वाटते इसाक, आम्ही दोघं असेच गप्प राहून गप्पच मरू. तिच्या कुलपाला हात न लावता मला घरात आवाज हवा आहे. म्हणून हा दुसरा सेट, मागच्या खोलीत, स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून. माझा जुना रेकॉर्ड प्लेअर आहे, स्पीकर मेहुण्याने, तोतारामने दिलेत. फक्त ॲम्प्लिफायर हवा, आणि तो अगदी हळू लावला तरी गोड वाजणारा हवा. मोठ्याने लावायची माझी छाती नाही.

निवड तूच कर. तुझ्या कानांवर माझा जेवढा भरवसा आहे तेवढा माझ्या डोळ्यांवर नाही, आणि मी जन्मभर जिल्हा परिषदेत नकाशे काढलेत. पहिलाही तूच निवडलास. मुंबईच्या त्या दुकानात तू डोळे मिटून बसलास आणि अभिमनला म्हणालास, "बॅलन्सचं बटण मधोमध ठेव, दोन स्पीकरच्या मधोमध बस, आणि गाणारी बाई कुठे उभी आहे ते सांग." पोरगं ओरडलं होतं, "काका, बाई मधे उभी आहे!" घरी आल्यावर आठ दिवस हेच सांगत होता.

अकबरीवहिनींना नमस्कार, रईसाला आशीर्वाद.

तुझा,
मोतीलाल


धुळे,
२ डिसेंबर १९९१

प्रिय मोती,

सलाम. तुझं पत्र यंत्रमागावर उभा असताना आलं. चार माग चालू होते, ते चारही बंद करून वाचलं. कारागीर म्हणाले, मालक, काय झालं? म्हटलं, दोस्ताने काम सांगितलंय. चाळीस वर्षांत मी खडखड थांबवून काही केलं नव्हतं.

वहिनींचं वाचून फार वाईट वाटलं. मी त्यांना काय सांगणार? अभिमन मलाही काका म्हणायचा आणि खरोखर काका समजायचा.

तर हुकूम शिरसावंद्य. दोन ठिकाणं पाहून आलो. पहिला व्हॉल्व्हचा. आपल्या दोंडाईच्याला तंबूतलं टॉकीज आणणारा शेठ आठवतो? त्याच्या पोराकडे पडून आहे. चालू केला की आधी तापतो, मग बोलतो. म्हाताऱ्यासारखा. पण बोलतो असा, की गरम भातावर तूप. मी पूर्ण उघडून ऐकला. हळू आवाजात काय कळतं? पूर्ण उघडला की असली-नकली कळतं. आवाज एक नंबर, पण डावी बाजू पडलेली! बटण मधोमध ठेवलं तर बाई उजवीकडे सरकते. नापास केला.

दुसरा आमच्या गल्लीतल्या एकाने कुवेतहून आणलेला, जपानी. रुपेरी दर्शनी पट्टी, बटणं अशी की फिरवताना बोटांना समाधान वाटावं. तिथेही तेच. उजवी बाजू खणखणीत, डावी मेली. त्याला म्हटलं, तिकडच्या वाळूने खाल्ला असेल. तो भांडायलाच उठला, म्हणे दोन्ही बाजू सारख्या आहेत. आता याला कोण समजावणार? लोकांना ऐकता येत नाही मोती, लोक फक्त आवाज मोजतात.

मागच्या महिन्यात तू शेजारी फोन केलास तसा करू नकोस. लाइनला इतकी खरखर की तू काय पुटपुटतोस काही कळत नाही. पत्रच बरं. आमच्या घरी तर सगळे ओरडूनच बोलतात, मागवाल्यांची जात. फक्त सून, रईसा, हळू बोलते, आणि वर मलाच म्हणते अब्बा, टीव्ही बारीक करा.

घाबरू नकोस. बाई मधे उभी राहीपर्यंत मी ॲम्प्लिफायर घेणार नाही.

तुझा,
इसाक


जळगाव,
१५ डिसेंबर १९९१

प्रिय इसाक,

तुझं पत्र मी माझ्या सवयीप्रमाणे मोठ्याने वाचलं. झुंबर भाजी निवडत होती. वाचून झालं, मी पत्र खिशात घातलं, आणि जेवताना तिने आपण होऊन विचारलं, "त्या कुवेतवालानं काय व्हयनं?"

तुला यात काही वाटणार नाही. तुझ्या घरी सगळे ओरडतात. पण या बाईने आपण होऊन मला प्रश्न विचारल्याला किती महिने झाले ते मी मोजलेलं नाही, मोजायचंही नाही. मी सांगितलं, भांडायला उठला. ती म्हणाली, "उठीच." आणि पुन्हा गप्प.

तेव्हा माझी विनंती अशी, की घाई करू नकोस. पाहा, नापास कर, पुन्हा पाहा, आणि लांबलचक लिही. कोणाकडे गेलास, त्याने चहा दिला की नाही, सगळं लिही. तू मूळचा बडबड्या, तुला काही जड नाही.

एक शंका. डावी बाजू दोन्हींत पडलेली? तुमच्याकडच्या विजेचा दाब कमी-जास्त होतो, त्याने असं होत असेल का? मला यातलं कळत नाही, पण नकाशात एकच चूक दोनदा आली की आम्ही आधी फूटपट्टी तपासायचो.

तुझा,
मोतीलाल


धुळे,
८ जानेवारी १९९२

प्रिय मोती,

वहिनींना सांग, कुवेतवाल्याने चहा दिला नव्हता. भांडण झाल्यावर कोण देतो?

तिसरा मिळाला! पिंपळनेरला एका लाकूड व्यापाऱ्याकडे होता. एस. टी.ने गेलो. तिकडे अशी थंडी, की डोक्याला मफलर गुंडाळून कुडकुडत बसलो. व्यापारी भला माणूस, पुना त्याचं नाव. दोनदा चहा दिला आणि भुईमुगाच्या शेंगा. ॲम्प्लिफायर सागवानी पेटीचा, उचलायला दोन माणसं. त्याच्या वडिलांनी हौसेने घेतला होता, ते गेल्यावर कोणी हात लावला नाही. मऊ आवाज, हळू लावला तरी जीव धरून राहणारा. तू म्हणतोस तसाच. ऐकताना डोळ्यांत पाणी आलं.

पण काय सांगू, याचीही डावी बाजू पडलेली! जुन्या ॲम्प्लिफायरना हा रोगच लागलाय की काय. तुझ्या फूटपट्टीचा मी विचार केला. वीज तिकडे वेगळी, इकडे वेगळी, म्हणजे विजेचा दोष नाही. जुनं झालं की डावी बाजू आधी जात असेल. असेल काहीतरी शास्त्र.

तरी मी तो सोडला नाही. धुळ्याला आणला आणि चिंधा मिस्त्रीकडे नेला. चिंधाने पेटी उघडली, मीटर लावलं, आणि मला म्हणतो, "इसाकभाऊ, दोन्ही सुया बराबर शेतस." मी म्हटलं, सुई काय ऐकते? कान लाव. त्याने कान लावला. म्हणे, बराबर शे. मोती, मला वाईट वाटलं. एवढा चांगला मिस्त्री, पण म्हातारा झाला, कान गेले त्याचे. मी चिडलो, जरा जास्तच बोललो. म्हटलं, मी सांगतो तसं कर, उजवी बाजू कमी कर. मी 'बस' म्हणेपर्यंत तो उजवी बाजू उतरवत गेला. शेवटी बाई मधे आली. अगदी मधोमध, मुंबईच्या दुकानात उभी होती तशी.

तोताराम इकडे लग्नाला आला आहे, त्याच्याबरोबर पाठवतो. त्याला बजावलंय, मांडीवर ठेव. बटण मधोमध ठेवून ऐक आणि मला लिही.

तुझा,
इसाक


जळगाव,
२७ जानेवारी १९९२

प्रिय इसाक,

ॲम्प्लिफायर सुखरूप पोहोचला. तोतारामच्या मांड्या अजून दुखतात. पेटी सुरेख आहे. मी तेलाचा हात फिरवला, साग चमकायला लागला. आवाज तू लिहिलास तसाच मऊ. मी संध्याकाळी हळू लावतो. झुंबर स्वयंपाकघराचं दार पूर्वी लोटून घ्यायची, ते आता उघडं असतं.

तुझे उपकार मानत नाही, तुला राग येईल.

सहज विचारतो, तू मागावर उभा राहतोस तेव्हा माग तुझ्या कोणत्या हाताला असतात?

तुझा,
मोतीलाल


जळगाव,
२७ जानेवारी १९९२

चि. रईसास,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र तू शिकवतेस त्या शाळेच्या पत्त्यावर टाकतो आहे, त्यावरून समज की ते अब्बांना दाखवायचं नाही. तुमच्या मुख्याध्यापक बाई पाकीट बघून काही म्हणाल्या तर माझं नाव सांग.

अब्बांनी निवडलेला ॲम्प्लिफायर आला. त्यांनी बजावलं होतं तसं बॅलन्सचं बटण मधोमध ठेवून मी रेकॉर्ड लावली. डावा स्पीकर ओरडतोय आणि उजवा कोपऱ्यात तोंड लपवून बसलाय. गाणारी बाई डाव्या स्पीकरला अगदी चिकटलेली. मला वाटलं तोतारामने आपटला. बटण उजवीकडे फिरवत गेलो, बरंच फिरवलं, तेव्हा ती मधे आली.

मी चिडून बडबडत होतो. तुझी काकू अब्बांची सगळी पत्रं ऐकते. ती दारातून म्हणाली, "तीन गाड्या, नि तिन्ही एकच आंगे वढतस? मंग गाडीले काय देखतस? बैलले देखा."

पोरी, ती अब्बांच्या कानांबद्दल बोलत होती. शाळेत आम्ही पैजा लावायचो. स्टेशनात गाडी शिरायच्या कितीतरी आधी इसाक रुळाला कान न लावता सांगायचा की मालगाडी आहे की पॅसेंजर. मी कधी जिंकलो नाही.

मला खरं काय ते कळव. डॉक्टरला दाखवलंय का?

तुझा,
मोतीलालकाका


धुळे,
१६ फेब्रुवारी १९९२

आदरणीय काका,
सलाम. काकूंनाही सलाम सांगा.

तुमचं पत्र मी दोन वेळा वाचलं आणि फाडून टाकलं, माफ करा. घरात ठेवायची भीती वाटली.

काकू म्हणाल्या ते खरं आहे. डाव्या बाजूने हाक मारली तर अब्बांना ऐकू येत नाही. मी लग्न होऊन आले तेव्हापासून थोडं होतं, आता फार झालंय. माग त्यांच्या डाव्या हाताला असतात, तुम्ही त्यांना विचारलं म्हणून लिहिते. त्यांनी मला तुमचं पत्र वाचून दाखवलं आणि हसले, म्हणाले, मोती म्हातारा झाला, काहीही विचारतो.

आम्ही सगळे त्यांच्या उजव्या हाताला बसतो. कोणी ठरवलं नाही, पण अम्मीसुद्धा आता उजव्या हाताला बसते. दाराकडे त्यांचा उजवा कान येईल अशी खुर्ची मी ठेवते आणि कोणी विचारलं तर म्हणते, उजेड चांगला येतो. डॉक्टरचं एकदा मी बोलले. त्यांनी दोन दिवस माझ्याशी बोलणं सोडलं. म्हणाले, या घरात सगळे तोंडातल्या तोंडात बोलतात आणि दोष मला.

त्यांना कळत नाही असं नाही. कळू द्यायचं नाही, स्वतःलाही. काका, त्यांनी जन्मात दुसरी कसली मिजास केली नाही. कपडा नाही, घर नाही. फक्त कान. तुमच्या ॲम्प्लिफायरसाठी ते दोन महिने असे फिरले, की अम्मी म्हणाली, हे पुन्हा जवान झाले. तुम्ही त्यांना सांगू नका. मला भीती वाटते, ते खचतील. कधीतरी कळेलच, पण आपल्यापैकी कोणी सांगायला नको.

चिंधा मिस्त्रींकडे अब्बा आता जात नाहीत. वाटेत ते भेटले की फक्त हसतात. त्यांनाही माहीत आहे असं मला वाटतं.

तुमची मुलगी,
रईसा


जळगाव,
१० एप्रिल १९९२

प्रिय इसाक,

ईद मुबारक, उशिराने. शिरखुर्मा चुकला याचं दुःख फार आहे, ते तू भरून द्यायचंस.

एक बातमी आहे. बसून वाच. झुंबर पुढची खोली उघडायला तयार झाली आहे. मी काही केलं नाही, मी विचारलंही नव्हतं. काल आपण होऊन म्हणाली, आखाजीला उघडू. त्या दिवशी अभिमनच्या नावाची घागर भरायची आहे, तो पाणी प्यायला येईल, तेव्हा खोली उघडी असू दे.

पण तिची अट आहे. सेट तूच चालू करायचा. दुसऱ्या कोणाचा हात चालणार नाही, माझाही नाही. मी म्हटलं, माझा हात का नाही? तर म्हणाली, तो इसाकभाऊंनी निवडला होता. आता यावर वाद कोण घालणार? दोन वर्षं बंद आहे, गंज चढला असेल, उंदराने वायर खाल्ली असेल, तेही तू पाहून घेशील.

कॅलेंडरात अक्षय्य तृतीया ५ मेला आहे. आदल्या दिवशीच ये. आमरस आहे, पुरणपोळ्या आहेत, आणि तुझ्या वहिनीला माणूस जेवू घालायचं आहे, हे मी किती दिवसांनी लिहितोय. ये.

तुझा,
मोतीलाल


धुळे,
२४ मे १९९२

प्रिय मोती,

आखाजीहून आल्यावर लगेच पत्र टाकायला हवं होतं. रोज बसत होतो आणि उठत होतो.

त्या दिवशी सेट थांबल्यावर तू मला विचारलंस, कसा वाजला? मी म्हणालो, एक नंबर. मी खोटं बोललो. आता खरं लिहितो, वहिनींना वाचून दाखवायचं की नाही ते तू ठरव.

वहिनींनी कुलूप काढलं, लुगड्याची घडी केली आणि छातीशी धरून उंबऱ्यात बसल्या. खिडकीत घागर होती, तिच्यावर खरबूज आणि आंबा. मी सेटसमोर बसलो. प्लेअरवर अभिमनने लावलेली रेकॉर्ड तशीच होती, मी फुंकर मारून धूळ उडवली आणि सुई ठेवली. ती कोणती रेकॉर्ड ते मला पहिल्या सुरालाच कळलं. मुंबईच्या दुकानात आम्ही दोघांनी तीच ऐकली होती. डाव्या हाताला सारंगी, उजव्या हाताला तबला, आणि बाई मधोमध.

मोती, सारंगी नव्हतीच. तबला होता. आणि बाई उजव्या स्पीकरपाशी जाऊन उभी राहिली होती.

माझ्या मनात पहिला विचार आला तो असा की हाही बिघडला, याचीही डावी बाजू गेली. सवयीने हात बटणाकडे गेला. बटणाची खूण सरळ वर होती, मधोमध, पोराने ठेवली होती तशी. मागे वहिनी बघत होत्या. दोन वर्षं त्या बाईने त्या बटणाला वारा लागू दिला नाही आणि मी ते फिरवायला निघालो होतो. मी हात मागे घेतला. आणि हात मागे घेताना मला सगळं कळलं.

तो सेट मी निवडलाय. त्या दिवशी माझे कान कसे होते ते मला ठाऊक आहे. तो खोटं बोलणार नाही. पिंपळनेरचा खोटा असेल, कुवेतचा असेल, टॉकीजवाल्याचा असेल, पण हा नाही. मग खोटा कोण राहिला?

रेकॉर्ड संपेपर्यंत मी तसाच बसलो. वहिनी रडत होत्या, तू रडत होतास, मीही रडलो. तुम्हा दोघांना वाटलं असेल मी अभिमनसाठी रडतोय. त्याच्यासाठी होतंच. पण सगळं त्याच्यासाठी नव्हतं. त्या घरात, त्या दिवशी, मी स्वतःसाठी रडलो, याची मला लाज वाटते.

इथे आल्यावर रईसाला म्हटलं, चल कोणत्या डॉक्टरकडे नेतेस ते. बिचारी चप्पल न घालताच निघाली. डॉक्टर म्हणाले, डावा गेल्यातच जमा आहे. मागांनी खाल्ला. उजवाही त्याच वाटेवर आहे, हळूहळू. औषध नाही. मी विचारलं, किती हळू? ते म्हणाले, सांगता येत नाही.

चिंधा मिस्त्रीकडे जाऊन आलो. म्हटलं, तुझे कान शाबूत आहेत, मला माफ कर. तो म्हणाला, इसाकभाऊ, चहा ल्या.

तुझ्या ॲम्प्लिफायरचं मला फार वाईट वाटतं. तू चांगलं यंत्र मागितलंस आणि मी त्यात माझा बहिरेपणा बसवून दिला. तो परत पाठव. चिंधा म्हणतो अर्ध्या तासाचं काम आहे, घातलेलं काढून टाकलं की दोन्ही बाजू होत्या तशा होतील. तुला हे पहिल्याच दिवशी कळलं असणार, नाही का? 'माग कोणत्या हाताला' म्हणून विचारलंस. मी हसलो होतो.

तुझा,
इसाक


जळगाव,
२ जून १९९२

प्रिय इसाक,

तुझं पत्र मी मोठ्याने वाचलं. मधे दोनदा थांबावं लागलं. झुंबर म्हणाली, वाचा.

होय, मला जानेवारीत कळलं. मी लिहिलं नाही, कारण मला धीर झाला नाही. मी तुला 'तू लिहिलास तसाच मऊ' लिहिलं, तू मला 'एक नंबर' म्हणालास. हिशेब चुकता.

खोलीचं मात्र मी तुला अर्धंच सांगितलं होतं. आखाजीचं आणि घागरीचं होतंच, पण एप्रिलमध्ये किल्ली काढून माझ्यासमोर ठेवताना झुंबर जे म्हणाली ते असं: "पेटी कोठे जास? ती तठेच शे. इसाकभाऊना कान जाई राहिनात. आधी त्याले ऐकू द्या." आपल्या पोराचा हात जिच्यावर आहे ती वस्तू तिने कोणासाठी उघडली, ते तुला कळायला हवं म्हणून लिहितो. तुला ऐकवायला बोलावलं होतं रे. असं कळावं म्हणून नाही. तुझं पत्र आल्यापासून आम्ही दोघं नीट जेवलेलो नाही.

रडल्याची लाज बाळगू नकोस. झुंबर म्हणते, त्या खोलीच्या बंद दाराशी दोन वर्षं ती एकटी रडत होती, तिला सोबत झाली.

ती खोली आता उघडी असते. सेट मात्र लावत नाही. ती रोज पुसते, बटण सोडून. लुगडं ट्रंकेत ठेवलंय. गाणं मागच्या खोलीतच, तुझ्या ॲम्प्लिफायरवर, संध्याकाळी. ती आता कधी कधी सांगते, ही नको, दुसरी लावा. एवढंच बोलते. पण बोलते.

आता तुझ्या शेवटच्या मागणीचं. ॲम्प्लिफायर परत पाठवणार नाही. चिंधा मिस्त्रीला सांग, हात लावायचा नाही. मला काही अडत नाही, मी बटण उजवीकडे फिरवून ऐकतो. तू येशील तेव्हा ते मधोमध आणायचं. मग डाव्या हाताला सारंगी असेल, उजव्या हाताला तबला, आणि बाई मधे उभी राहील, तू उभी केली होतीस तशी. सगळ्या खानदेशात तुझ्या कानाचा असा एकच सेट आहे, तो मी मोडू देणार नाही.

डॉक्टर म्हणतात तसा कान आणखी उतरला तर बटण थोडं डावीकडे घेऊ. मग आणखी थोडं. डावीकडे अजून बरीच जागा आहे, मी आज पाहिलं. ती जागा संपेपर्यंत तरी येत जा.

या महिन्यातच ये. धुळ्याची सकाळची एस. टी. असते. खुर्ची मी मधे ठेवली आहे.

तुझा,
मोतीलाल